वीतभर गाडी आणि आमचं गॅरेज

गॅरेजात किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. मोटार दुरुस्तीला येते, सोबत मालक येतो, मालकासोबत त्याचे दोन रिकामे नातलग येतात, आणि इंजिन उघडायच्या आत सगळ्यांची तोंडं उघडतात! आर्णीला आमच्या आप्पांचं गॅरेज आहे. मी नागपूरहून बी.एस्सी. करून परत आले तेव्हा तिथे किश्श्यांची मोठी रास आधीच होती. मी तिच्यात भर घातली ती एका प्लास्टिकच्या गाडीमुळे.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी अमेरिकेत शिकणाऱ्या माझ्या दादानं आप्पांना बोटीनं पार्सल पाठवलं. खोक्यावर ऐटदार मोटारीचं चित्र! आप्पांनी सगळ्या मिस्त्र्यांना हातातली कामं टाकून बोलावलं आणि सर्वांसमक्ष खोकं उघडलं. आत नुसते पांढरे तुकडे. दार वेगळं, चाकं वेगळी, बंपर वेगळा.

"फुटली!" आप्पा मटकन बाकावर बसले.

लगेच दादाला पत्र लिहायला घेतलं. 'तुझी भेट मिळाली, परंतु चुरा होऊन.' मी खोक्याच्या तळाचा कागद काढून वाचून दाखवला. "आप्पा, फुटली नाही. ती आपण जोडायची असते. रंगसुद्धा आपणच द्यायचा."

आप्पांनी माझ्याकडे, मग अंगणाकडे पाहिलं. "म्हंजे पोरानं पैसे देऊन सुटी गाडी घेतली? अवो, सुट्या गाड्या तर आपल्या अंगणात ढीगभर पडल्या हायेत!"

* * *

मला खरी मोटार चालवायला शिकायचं होतं. घरची एक जुनी मोटार दारात उभी असायची आणि मी सहा महिने आप्पांच्या मागे लागले होते. त्यांचं उत्तर ठरलेलं, "गाडी चालवणारी पोरगी कोण करून घेईन?"

मोठी आई म्हणजे आप्पांची वहिनी, आमच्या घरचं शेवटचं कोर्ट. तिचा निकाल असा, "आधी पोया गोल कर, मंग चाकं फिरव!"

ते खोकं पाहून आप्पांना पळवाट सापडली. "दसऱ्यापर्यंत ही गाडी उभी कर. एकबी पार्ट उराले नाई पाह्यजे. मंग खऱ्या गाडीले हात लाव."

आमचे हेडमिस्त्री शकूरचाचा हसत सुटले. "मालक, ये शर्त तो मैं भी हार जाऊं!"

खरंच होतं ते. चाचांच्या बाकाखाली उरलेल्या बोल्टांचा डबा भरलेला असे. एकदा एका गाडीवाल्यानं तो पाहिला आणि घाबरून विचारलं, "चाचा, यात माह्या गाडीचे तर नाईत?"

"आपकेच हैं," चाचा शांतपणे म्हणाले. "लेकिन गाडी उनके बगैर ज्यादा खुश है!"

* * *

मी तुकडे त्यांच्या प्लास्टिकच्या चौकटीतून कातरून काढले, कडा काचकागदानं घासल्या, आतली बैठक मांडली. चाचा डोकावले आणि त्यांचा चेहरा पडला.

"बेटी, इसका स्टिअरिंग उलटी तरफ है."

मी समजावलं, अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर समोरची पट्टी ब्लेडनं कापून खाचेत खाच बसवलेली आणि स्टिअरिंग उजवीकडे! सांधा इतका सफाईदार की शोधून सापडेना. मी तरीही भडकले.

"कोणाला विचारून केलंत हे?"

"अमेरिकावाले को थोडीच पूछूंगा? चलाना तेरेकू है. कल असली गाडी पे बैठेगी, तब दरवाजा खोलके गलत बाजू में घुस गयी तो?"

मी दोन दिवस त्यांच्या बाकाकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं की काम चांगलं झालं आहे. चाचा म्हणाले, "वो तो मेरेकू पहले दिन से मालूम था!"

* * *

मोठ्या माणसांना एखादी गोष्ट आपली आपण होऊ द्यायची म्हटलं की अंगावर काटा येतो. मी बाजारात गेलेली असताना आप्पांना वाटलं, गाडीवर धूळ बसली आहे. त्यांनी मोटारीच्या रंगाचं थिनर फडक्यावर घेतलं आणि छत चांगलं खसखसून पुसलं.

परत आले तेव्हा छताचा पापड झाला होता. भाजलेला, फुगे आलेला पापड!

"अमेरिकेचा माल कच्चा हाय," आप्पा म्हणाले.

"आप्पा! प्लास्टिक थिनरमध्ये विरघळतं! मी केमिस्ट्री शिकले आहे, मला एकदा विचारायचं तरी!" मी इतकी ओरडले की रस्त्यावरची बैलगाडी थांबली.

पण ओरडता ओरडताच डोक्यात उजेड पडला. पार्सलातली डिंकाची नळी बोटीवरच वाळून दगड झाली होती, आणि काय लावून जोडावं हे मला आठवडाभर सुचत नव्हतं. विरघळतं, म्हणजेच चिकटतं! काडीच्या टोकावर थेंबभर थिनर घेतलं, दाराच्या दोन कडांना लावलं, दाबून धरलं. सकाळी ओढून पाहिलं तर निघेना! पापड झालेलं छत मी तापवलेल्या सुरीनं कापून काढलं. गाडी उघडी झाली, आणि खरं सांगते, आधीपेक्षा जास्त देखणी झाली.

संध्याकाळी आप्पा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते, "पोरीले डिंक भेटून नव्हता राह्यला. म्या शोधून देल्ला!"

* * *

मोटारीचा रंग लावायचा नाही हे आता ठरलं. पोळा नुकताच झाला होता. शेजाऱ्यांकडे बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल तेलरंग होता, आणि थोडी बेगडही. मी बारीक कुंचल्यानं एकावर एक तीन पातळ हात दिले, प्रत्येक हात वाळल्यावर काचकागदानं हलकंच घासून. बंपरला चकचकीत बेगड लावली. आरशासारखा झाला!

मोठी आई बघायला आली, चष्मा पुसून परत बघितलं. "गाडी हाय का गोऱ्हा? शिंगं कुठी हायेत याची?"

तेवढ्यात बंजारा तांड्यावरची झमकीबाई आली. ती दर आठवड्याला डिंक-चारोळी विकायला येते. तिला माझ्या गाडीच्या सिटा उघड्या दिसल्या. "याडी ये! अशी उघडीच बसवतं का कोनाले?" पुढच्या आठवड्यात तिनं सिटांना गवसण्या शिवून आणल्या. तिच्या फेटियाला, म्हणजे घागऱ्याला, असतं तसंच भरतकाम, फक्त नखाएवढं. सिटा इतक्या लहान की प्रत्येकीवर एकच आरसा मावला.

मी म्हटलं, "बाई, आरशावर बसायचं कसं?"

"बसाच्या आंधी तोंड पाहाचं," झमकीबाई म्हणाली. "गाडीत बसनारीचं तोंड हासरं पाह्यजे!"

* * *

दसऱ्याला गॅरेजातल्या सगळ्या गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या. माझी वीतभर गाडी घरच्या मोटारीच्या बॉनेटवर ठेवली. मोठ्या आईनं रिवाजाप्रमाणे चाकाखाली लिंबू ठेवायला घेतलं, पण लिंबू गाडीपेक्षा उंच झालं!

आप्पा कागद घेऊन एकेक पार्ट तपासू लागले. चाकं चार. दारं दोन. बंपर. स्टिअरिंग. तेवढ्यात खोक्याच्या तळाशी त्यांच्या हाताला छत लागलं.

"हे काय उरलं?"

ज्यांनी पापड केला तेच विचारत होते!

शकूरचाचा पुढे आले. "मालक, वो बारिश का छप्पर है. बारिश खतम, इसलिए उतारके रखा!"

सगळं गॅरेज हसलं. आप्पांनी हसू आवरून पाहिलं, जमलं नाही. "उद्या सकाळी सहाले," ते म्हणाले. "अन् गाडी धिरे चालवजो."

* * *

पुढच्या वर्षी मला बघायला ढाणकीहून कापसाचे एक व्यापारी आणि त्यांची बायको आले. मुलगा आला नव्हता. मोठ्या आईनं मला आत बोलावून दम दिला, "गाडीचं नावबी काढजो नको!" मी पोहे दिले, खाली बघितलं, विचारलं तेवढंच बोलले.

गप्पांत त्यांची उमरखेडची एसटी निघून गेली. दुसरी नव्हती. शकूरचाचा मारेगावला बंद पडलेला ट्रक आणायला गेलेले. आणि आप्पांचा उजवा हात प्लास्टरमध्ये, कारण आठ दिवसांपूर्वी मोटार सुरू करायला हँडल मारताना ते उलटं फिरलं होतं.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्या आईनं आप्पांकडे पाहिलं. मी पदर खोचला.

पाहुण्यांना मागे बसवून निघाले, चार मैलांवर एसटी दिसली. मी हॉर्न वाजवत तिच्या पुढे गेले आणि गाडी रस्त्यात आडवी घातली. एसटी थांबली. व्यापारी अख्ख्या वाटेत समोरची सीट घट्ट धरून बसले होते. मिशांत धूळ घेऊन उतरले, मोटारीला हात जोडले, आणि बायकोला घेऊन एसटीत चढले.

"गेलं स्थळ!" मी घरी येऊन सांगितलं तसा मोठ्या आईनं कपाळाला हात लावला.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी आप्पांच्या नावानं कार्ड आलं. आप्पांनी मोठ्यानं वाचलं, मग पुन्हा मनात वाचलं, मग मला दिलं.

'मुलगी पसंत आहे. एक गोष्ट आधीच कळवतो, म्हणजे मागून गैरसमज नको. आमच्या मुलाला मोटार चालवता येत नाही. आपली काही हरकत आहे काय?'