खंडेनवमीचा फोटो

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी ते प्रकरण डोक्यातून जात नाही. कारण त्यात पहिला चुकीचा प्रश्न मी स्वतः विचारला होता.

तेव्हा मी चाकण पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात होतो. एका गुरुवारी, म्हणजे आमच्याकडच्या कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, तिघं जण आले. कुरुळीत मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहणारी, सुट्या भागांच्या कंपनीत कामाला असलेली बावीस वर्षांची मुलगी. मराठवाड्यातून पिशवी घेऊन आलेले तिचे वडील. आणि तिच्या लाइनचा लीडर, ज्याला ती दादा म्हणायची. मुलीच्या नावानं कुणीतरी खोटं खातं उघडलं होतं. वर तिचा फोटो, खाली घाणेरडा मजकूर आणि तिचा नंबर. दिवसभर अनोळखी पुरुषांचे फोन आणि मेसेज येत होते.

"साहेब, केस-बिस नको," वडील म्हणाले. "तेवढं बंद करा. लेकराला मी गावाकडं घेऊन जातो."

"मला नोकरी सोडायची नाही," मुलगी मान खाली घालून म्हणाली. मी वडिलांकडून कसेबसे दोन दिवस मागून घेतले.

आणि मग मी विचारलं, "तुझी कुणाशी ओळख-बिळख होती का गं?" आज त्या प्रश्नाचा मलाच संताप येतो. पोरीची मान आणखी खाली गेली. दादानं लगेच शेजारच्या निघोजे गावातल्या एका मुलाचं नाव पुढं केलं; त्यानं म्हणे तिला लग्नाचं विचारलं होतं. आम्ही त्याला बोलावून दोन तास प्रश्न विचारले. निष्पन्न काही नाही. साप साप म्हणून भुई धोपटत होतो, दुसरं काय!

पुरावा मागितला, तर आलेले मेसेज पुसलेले. "दादा म्हणाले, असली घाण कशाला ठेवतेस, डिलीट कर." मला त्यात वावगं वाटलं नाही. तोच सल्ला मीही कित्येक मुलींना दिला होता.

नशीब, आमच्या महिला हवालदारबाईंनी पहिल्याच दिवशी त्या खात्याचे स्क्रीनशॉट लिंकसकट घेऊन ठेवले होते. दुसऱ्या दिवशी त्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "साहेब, हा काढला कुणी?"

साडीतली मुलगी, मागे झेंडूची माळ, कोपऱ्यात हळदकुंकू लावलेलं यंत्र. मुलीला विचारलं. "खंडेनवमीला मशीनची पूजा असते, तेव्हाचा आहे. पण हा मी कधी बघितलाच नाही. ग्रुपवर सगळ्यांचा मिळून एकच आला होता." आता माझं कुतूहल चाळवलं. त्या कंपनीत मोबाईल गेटवरच जमा करावे लागत. मग आत फोन नेला कुणी?

दादाला बोलावलं, चहा दिला. खात्याचं नाव काढलं नाही, नुसतं पूजेचं विचारलं. गडी खुलला. "फोटो दरवर्षी मीच काढतो, साहेब. आत फोन न्यायची परवानगी एकट्या मला!"

मी स्क्रीनशॉट समोर ठेवला. "मग हाही तुमचाच." चहा कपातच राहिला.

पंचांसमक्ष फोन जप्त केला. ते खातं त्यातच उघडं होतं. "फिरायला चल म्हटलं, तर नाही म्हणाली. जरा धडा शिकवायचा होता." रोज दादा म्हणणाऱ्या पोरीला! गुन्हा दाखल झाला, खातं बंद झालं. निघोज्याच्या मुलाची मी सगळ्यांसमोर माफी मागितली.

तेव्हापासून मी मुलींना सांगतो, काही पुसू नका. आधी लिंक आणि तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा आणि सरळ ठाण्यात या. आणि ठाण्यातल्यांना सांगतो, मुलीची ओळख कुणाशी ते नंतर. फोटो कुणाकडचा ते आधी विचारा.

वडिलांचं सांगायचं राहिलं. गुन्हा दाखल झाल्यावरही ते पिशवी घेऊन उभे राहिले. "चल बाई."

मुलीनं त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच मान वर केली. "बाबा, केलं त्यानं, आणि जाऊ मी?"

 लेकीचं सामान भरायला आणलेली ती रिकामी पिशवी वडिलांनी नीट घडी करून काखेत मारली, आणि एकटेच एसटी स्टँडकडे निघाले.