बारकीचा मोठा कॅमेरा

चाळिशी ओलांडली तरी बारकी सगळ्यांसाठी बारकीच राहिली. चार भावंडांतलं शेंडेफळ, त्यात अंगानं काडी. शाळेच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं परीक्षानळ्या धुतल्यावर ती नोकरी सुटली, तेव्हा फोटोवाल्या काकांनी तिला आपल्या स्टुडिओत बोलावून घेतलं. काका तिच्या वडिलांचे मित्र. कॅमेरा कसा धरायचा, व्हिडिओचे तुकडे कसे जोडायचे, सगळं त्यांनीच शिकवलं. वर्षभरानं म्हणाले, आता स्वतःचा कॅमेरा घे आणि छोट्या कार्यक्रमांचं शूटिंग एकटी करायला लाग.

दोघं दुकानात गेली. काकांनी तळहातावर मावेल असा एक कॅमकॉर्डर पुढे ओढला. वेगळा माइक लावायची सोय होती, आणि बटणं म्हणाल तर मोजून चार. "पहिला कॅमेरा हाताला वळण लावायला असतो," ते म्हणाले. बारकीचे डोळे मात्र मागच्या फळीवर. तिथे खांद्यावर ठेवायचा, काळाकभिन्न, बटणांनी गच्च भरलेला एक कॅमेरा होता.

दुकानदारानं सहज विचारलं, किती वर्षं शूटिंग करताय?

"झाली की सात-आठ," बारकी बोलून गेली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते चष्मा पुसू लागले. एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं त्यांचं.

भाच्याच्या वाढदिवसाला ती मोबाइलवर शूटिंग करत होती, तेव्हा मागून कुणीतरी "खेळू दे तिला" म्हणालं होतं. ते तिच्या मनात सलत होतं. बारकीच्या हातात कॅमेराही बारकाच, म्हणजे हसायला निमित्तच. तिनं मोठा उचलला. "तुझा खांदा, तुझी मर्जी," एवढंच काका बोलले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर कोपऱ्यात दिसणाऱ्या खुणा कशाकशाच्या, हे तिला विचारायचं होतं. पण सात-आठ वर्षंवाली बाई असलं काय विचारणार?

पहिलं काम नृत्यवर्गाच्या वार्षिक कार्यक्रमाचं. बावीस मुली. काका येतो म्हणाले, तर तिनं नको म्हटलं. सभागृहात कॅमेरा खांद्यावर चढला तशी माणसं वाट सोडू लागली, खुर्च्या सरकवू लागली. बारकीला एकदम आपण दोन इंच वाढल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत दोघं शूटिंग बघायला बसली. पडद्यावर फरशी आली. मग खुर्चीचे पाय. मग बारकीच्या चपला, बराच वेळ. पहिल्याच धांदलीत बटण दोनदा दाबलं गेलं होतं आणि तिथून सगळं उलटं झालं होतं. तिनं सुरू केलं की बंद व्हायचं, बंद केलं की सुरू. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा लाल ठिपका तेव्हा तेच ओरडून सांगत होता, पण ती खूण तिला कळत नव्हती. बावीस मुलींपैकी एकीचंही पाऊल त्यात नव्हतं.

चपलांवर आवाज मात्र चालू होता. एका आईनं विचारलं, तुम्ही त्या फोटोवाल्या काकांकडे शिकता ना? आणि बारकीचाच आवाज आला, हसरा, ऐटबाज: "शिकते कसली? त्यांना आता दिसतंय कुठे. स्टुडिओ मीच सांभाळते म्हणून चाललाय."

बंद करायला तिचा हात उठेना. काका शेजारी स्टुलावर बसले होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"आवाज स्वच्छ आलाय," ते म्हणाले, आणि बाहेरची काच पुसायला उठून गेले.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बारकीला वाटलं. पण धरणी काही तशी मदतीला येत नाही. ती तडक नृत्याच्या बाईंकडे गेली आणि काहीच आलं नाही म्हणून सांगितलं. विजेवर, कॅमेऱ्यावर ढकलायचं जिभेवर आलं होतं, ते गिळलं.

"मुलींना मी नाही सांगणार. तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या.

बारकी वर्गासमोर उभी राहिली. हे माझं पहिलंच काम होतं आणि मला ते जमलं नाही, असं तिनं सांगितलं. मग काय आलं त्यात, असं सगळ्यात पुढच्या मुलीनं विचारलं. "माझ्या चपला," बारकी म्हणाली. मुली खो-खो हसल्या. बाई हसल्या नाहीत.

दुकानात जाऊन मोठा परत करताना तिनं तिथेही खरं सांगितलं आणि छोटा घेतला. तिच्या विनंतीवरून रविवारी दुपारी वर्गाच्या खोलीत पुन्हा नाच झाला, साध्या कपड्यांत. बावीसपैकी नऊच आल्या. त्या नऊ जणींचा तिनं सगळा नाच टिपला.

स्टुडिओत परतल्यावर तिनं दारातच सुरुवात केली, "काका, त्या दिवशी मी जे बोलले..."

"सगळ्या आल्या का?" त्यांनी विचारलं.

"नऊच."

त्यांनी आपलं स्टूल थोडं सरकवून तिला जागा केली. चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ती शेजारी बसली आणि दोघांनी पहिल्या मुलीपासून तुकडे जोडायला घेतले.