तपकिरीच्या डबीतले स्वल्पविराम

लढाईच्या दिवसांत मी सांगलीच्या एका छापखान्यात मराठी खिळे जुळवत होतो. समोर कानडी जुळवणारा बसे. आमच्या अक्षरांच्या केस, म्हणजे खणाखणांच्या पेट्या, वेगळ्या, पण स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्हं दोघांनाही इंग्रजी केसमधूनच घ्यावी लागत. हे इंग्रजी स्वल्पविराम ठेंगणे. मराठी ओळीत त्यांच्या माथ्यावर पुठ्ठ्याची पट्टी घालावी लागे, नाहीतर ते वर सरकून शिरोरेघेला लोंबकळत.

लढाईमुळे नवे खिळे येईनात. स्वल्पविरामांच्या त्या एका खणावरून आमचं भांडण झालं. मी त्याला हावरट म्हटलं, त्यानं माझं गाव काढून मला म्हसवडचा दांडगोबा, आणि दोन महिने बोलणं बंद. चूक माझीच होती, पण कबूल कोण करणार?

अशात आष्ट्याचे एक जैन व्यापारी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. डावीकडे मराठी, उजवीकडे सोयऱ्यांसाठी कानडी. खाली चुलते, मामा, मेहुणे, नावंच नावं. दुपारपर्यंत खण रिकामा झाला आणि माझ्या बाजूची अकरा नावं जुळवायची राहिली. थोडी गाळू का, असं मी व्यापाऱ्यांना विचारलं.

"आवं, येक बी गाळू नगा," ते हात जोडून म्हणाले. "थोरला भाऊ धा वर्सांनी बोलाय लागलाय. ऱ्हायल्यात ती त्याच्याच घरची नावं. कालच दिली त्यानं."

मला मान वर करवेना. माझ्या कोटाच्या खिशात तपकिरीची डबी होती आणि तिच्यात रोज चार-दोन करत लपवलेले स्वल्पविराम होते. खिळे लपवणाऱ्याला दार दाखवीन, असं मालक नेहमी म्हणत, आणि आता ते माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे होते. तरी डबी काढली आणि टेबलावर उपडी केली.

मग कानडीवाल्यानं आपल्या पानाच्या चंचीतून एक पुडी काढून सोडली. तिच्यात माझ्यापेक्षा जास्त निघाले. मालकांनी दोघांना शेलक्या शिव्या घातल्या आणि हसू लपवायला पाठ फिरवली.

"पट्ट्या हायत का रं, का कापून देऊ?" कानडीवाला मला म्हणाला. दोन महिन्यांतलं त्याचं पहिलं वाक्य. मला इतका आनंद झाला की हातातला चिमटाच पडला.

त्यानं पट्ट्या कापल्या, मी अकराही नावं बसवली. उरलेले स्वल्पविराम खणात परत टाकताना मात्र आम्ही एकमेकांच्या हातावर नजर ठेवून होतो.