तात्यांचा फेटा व्याह्यांच्या आधी

सास्तुरात कोंडीरामतात्यांचा अपमान कुणी करत नाही; ते स्वतःच शोधून काढतात. पुतणीच्या लग्नात मानाचा फेटा आधी व्याह्यांना बांधला, मग तात्यांना. झालं! तात्या थेट शिवरंजनीच्या फोटो स्टुडिओत.

"पोरी, शूटिंगमध्ये माझा फेटा पहिला पायजे."

"तात्या, झालं ते झालं."

"मग त्यो कॉम्प्युटर काय पूजेला ठिवलाय? काप की!"

शिवरंजनीनं क्लिप तोडली आणि तात्यांचा तुकडा उचलून पुढं ठेवला. तात्यांनी मोठ्या ऐटीत सगळी भावकी टीव्हीपुढं बसवली.

पडद्यावर तात्यांना झोकात फेटा बांधला गेला. मग व्याह्यांची पाळी आली, आणि शेजारी तात्या उभे. बोडक्या डोक्यानं!

"अगं बया," सारजाबाई वहिनी कळवळल्या, "भावजी, तुमचा काढून त्यांला बांधला व्हय?"

भावकी हसून लोळली. तात्यांनी तिथूनच फोन लावला.

"शिवरंजने, त्या तुकड्यातनं मला काढ!"

"तुम्ही दोघं एकाच फ्रेममध्ये हाव, तात्या. कापलं तर व्याहीबी जातील."

"जाऊ दे!"

गेले. आता त्या लग्नात व्याह्यांना फेटाच नाही, आणि शूटिंगची कॉपी बघून व्याही तुळजापूरहून जाब विचारायला निघालेत.