खाले टेकू नही!

पंच्याची दोन टोकं दोन हातांत धरायची, मधे झोळ पाडायचा आणि छाती फुगवून म्हणायचं, "बघ भाऊ, खाले टेकू नही!" सुरतच्या डिंडोलीतल्या आमच्या या खानदेशी शेजाऱ्याकडे झुलत्या पुलाचं प्रवचन ऐकल्याशिवाय चहा मिळत नसे. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेलच.

पावरलूमवर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे भरणं हा त्याचा धंदा. घरात देवांशेजारी एका परदेशी झुलत्या पुलाचं कॅलेंडर. साल केव्हाच उलटलेलं.

"एवढा मोठा पूल, अन् सगळा भार दोरवर!"

"त्या पूलवरतून धुळे जाता यी का?" वहिनी आतून टोला हाणायच्या.

शहाण्णवच्या सुमारास मंडळाने गणपतीची आरास त्याच्यावर सोपवली. बांबूचे दोन मनोरे, नायलॉनचे दोर, त्यांना लटकलेली फळी, फळीच्या मधोमध बाप्पा. खाली निळ्या कापडाची तापी. गाठ मारताना दुसरं टोक धरायला कायम वहिनी.

माइक माझ्याकडे. संधी सोडतो होय? आरतीनंतर आवाज चढवला, "मेहरबान, कदरदान! खाली टेकू नाही!" आणि झोकात तापी उचलली.

खाली विटांची चळत. वरच्या विटेला हळद-कुंकू.

"अरे, आ तो ईंटनो पुल!" कुणी गुजराती काका ओरडले. मंडप हसून लोटपोट.

तो हसला नाही. त्याने कुंकवाकडे पाहिलं, मग वहिनींकडे. "तू?"

"तुमनावर इस्वास शे," वहिनी पुटपुटल्या, "पन वर देव बठेल शे ना."

तो निघून गेला. विसर्जनालाही फिरकला नाही. मूर्ती उचलण्याआधी वहिनींनी मला खुणेने बोलावलं. फळी आणि वीट यांच्यामधून त्यांची बोटं सहज आरपार गेली. विटांवर भार आलाच नव्हता. पूल दोरांवरच उभा होता!

मी धावतच सांगायला गेलो. पंच्याने तोंड पुसत तो म्हणाला, "टेकेल नही व्हता, ठीक. पन टेकू लावेल तर व्हता ना?"

त्यानंतर त्या पंच्याने फक्त तोंडच पुसलं.

पुढल्या वर्षी बाप्पा चार पायांच्या टेबलावर बसले. तो आला नाही. वहिनी आल्या. आरती सुरू होण्याआधी त्यांनी टेबलावरचं कापड जरासं उचललं, आणि खाली वाकून पाहिलं.