दादाची घरातली सायकल

माझा भाऊ जेवणाच्या सुट्टीत गेला. डबा अर्धाच खाल्लेला होता.

आज वर्ष झालं.

विलासदादा. माझा मोठा भाऊ, आणि आई गेल्यावर तर आईच. वडपे गावातल्या गोडाऊनमधून माल भरायचा आणि ट्रक घेऊन कुठे कुठे जायचा. घरी कमी, हायवेवर जास्त.

पहिला अटॅक स्टिअरिंगवरच आला. त्याने ट्रक बाजूला घेतला, हँडब्रेक ओढला आणि मगच वहिनीला फोन केला.

अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, ड्रायव्हिंग बंद. रोज चाला.

चालणार कुठे? दादाचं घर धामणकर नाक्याला, तिथे फुटपाथवरूनही रिक्षाच चालतात.

शेवटी त्याच्या शेठने स्वतःच्या घरी धूळ खात पडलेली एक्सरसाइज बाइक पाठवून दिली. दोन हमालांनी ती जिन्यावरून वर आणली. दादा दारात खुर्ची टाकून, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं काटा," करत होता. ट्रक रिव्हर्स घेताना करतात तसं.

सायकल आवाज करायची. आधी बारीक कुई, मग टक.

कुई. टक.

घर म्हणजे एक खोली आणि किचन. त्याच खोलीत माझी भाची तन्वी बारावीचा अभ्यास करायची. खालच्या गाळ्यातले कापडाचे लूम दिवसभर खडखडतात, त्याची तिला जन्मापासून सवय. पण लूमचा आवाज एकसारखा असतो. हा मध्येच टोचायचा.

ती कानात कापूस घालायला लागली, एवढंच.

दादाने ते पाहिलं आणि सायकल सोडली. हँडलवर टॉवेल वाळायला लागले.

वहिनीचा मला फोन आला. "ताई, हे सायकलवर बसतच न्हाय. विचारलं की म्हनतात गुडघा दुखतो. गुडघा-बिडघा काय न्हाय दुखत. तुम्ही या, तुमचं ऐकतील."

रविवारी मी माझ्या घरून, काल्हेरहून, गेले.

"दादा, खरं सांग."

"पोरीची परीक्षा हाय. माझं काय, नंतर करीन."

"नंतर म्हणजे कधी?"

तो टॉवेलाच्या घड्या घालत राहिला. मग म्हणाला, "माझ्यापायी तिचं वर्ष गेलं तर मला चालंल का?"

तन्वी किचनच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"पप्पा," ती म्हणाली, "पाना कुठे ठेवलाय?"

जमिनीवर पेपर पसरले. दादाला वजन उचलायला बंदी, म्हणून तो पलंगावर बसून ऑर्डर सोडत होता. आम्ही दोघींनी कव्हर उघडलं. चाकाला घासणारी फेल्टची पट्टी वाळून कडक झालेली. ती पुसली, हार्डवेअरवाल्याकडून आणलेला सिलिकॉन स्प्रे मारला.

कुई गेली. टक राहिलं.

सगळे नटबोल्ट आवळून झाले. टक आहेच.

वहिनी बाजूला मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "डावा पाय खाली गेला की वाजतंय."

पेडल सैल होतं. तन्वी जोर लावून आवळायला लागली, तर ते आणखीच ढिलं होत गेलं.

"उलटं फिरव, बाय," दादा म्हणाला. "डाव्या पेडलचे आटे उलटे असतात."

मग तो स्वतः बसला. पाय फिरायला लागले.

काहीच नाही.

वहिनी घाबरून म्हणाली, "बंद पडली काय?"

"चालू हाय गं."

आम्ही इतके हसलो की दादाला थांबून पाणी प्यावं लागलं.

त्यानंतर परीक्षेपर्यंत सकाळी बापलेक एकाच खोलीत. ती मोठ्याने वाचणार, तो पेडल मारणार. एकदा मला फोन करून म्हणाला, "वैशू, हृदयाला चार कप्पे असतात, माहीत हाय का? म्हंजी माझा एक बिघडला तरी तीन शाबूत हायत."

तब्येत सुधारली. ट्रक नाही मिळाला, पण वडप्याच्याच गोडाऊनला गेटवर ड्युटी मिळाली. गाड्या लावून घ्यायच्या, सोडायच्या. "गाडी बाहेर निघाली की माझा पाय आपोआप क्लच शोधतो," म्हणायचा. हे सांगताना तो हसायचा नाही.

तन्वी चांगल्या मार्कांनी पास झाली. गेटवरून जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला त्याने थांबवून सांगितलं. "अपनी लड़की पास हो गई."

आणि मग ती दुपार. सगळे एकत्र डबे खात होते. दादा म्हणाला, जरा पाठ टेकतो.

टेकली ती टेकलीच.

लोक अजून विचारतात, पथ्य पाळत नव्हता का?

पाळत होता. गोळ्या घेतल्या होत्या. त्या दिवशी सकाळी सायकलही केली होती. सगळं केलं होतं त्याने.

मधे वहिनीला शुगर निघाली. तन्वी मागे लागली, आई, तू तरी बस सायकलवर. पण सीट दादाच्या उंचीला लावलेली, वहिनीचे पाय पोचत नाहीत. तन्वी सीट खाली करायला गेली तर वहिनी ओरडली, "हात लावू नको तिला."

तन्वीने पुन्हा विषय काढला नाही.

गेल्या रविवारी वहिनीचा फोन आला.

"ताई, वेळ हाय का? सीट खाली करायची हाय. मला एकटीला न्हाय जमायचं."

एक नॉब फिरवायचा असतो. हाताने फिरतो.

मी लगेच निघाले.

तिने सीट दोन्ही हातांनी धरली, मी नॉब सैल केला. ती सीट सोडेना. मी पण घाई केली नाही. तन्वी येऊन आईला चिकटून उभी राहिली.

मग सीट हळूहळू खाली आली.

वहिनीने डोळे पुसले, पदर खोचला आणि वर बसली. पाय पोचले.

दादा, वहिनी आता रोज सायकल करते. तन्वी कॉलेजला जाते.

तू आराम कर.

तुझी वैशू