गाठींची दोरी आणि चुन्याची भिंत

शाळेची पोरं आणि मोठी माणसं एका कामाला लागली की किस्से कचऱ्यापेक्षा जोरात साठतात. आमच्या सोनाळ्याकडच्या गावात तर त्यांच्यासाठी वेगळा डबा ठेवावा लागेल!

काम साधं. दर शनिवारी आठवीच्या पोरांनी गावातल्या विहिरींचं पाणी मोजायचं आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कोळशानं लिहायचं. सगळ्यांना दिसेल असं!

*

पहिल्या दिवशी मी, म्हणजे त्यांचा विज्ञानाचा मास्तर, बुलढाण्याहून आणलेली नवीकोरी मोजायची टेप नेली. एम.एस्सी. झालोय ना! विहिरीवर वाकून 'शास्त्रीय पद्धत' समजावत होतो, तेवढ्यात टेप हातातून सुटली. थेट पाण्यात!

विहीर शेषरावकाकांची. त्यांनी बैलाची दोरी आणली. त्या कासऱ्याला हात-हात अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला, तळापर्यंत सोडला. वर ओढून ओल्या गाठी मोजल्या.

"लिहा पोट्टेहो. सहा हात पाणी अन् एक टेप!"

*

उन्हाळ्यात याच काकांनी हात जोडले. "माही विहीर लिहू नोका बाप्पा. दोनच गाठी ओल्या निघाल्या, अन् पोराचं लगन जुळून राह्यलं. पाव्हणे वाचतीन ना!"

आठवीतली पायल म्हणाली, "मंग तं लिहाच लागते काका. पाणी तं नवरीलेच आणा लागन!"

लिहिलं. पाहुण्यांनी वाचलंही.

"दोन गाठी?" ते म्हणाले. "आमच्या इकडं मोजली तं एकही ओली निघाची नाही!"

*

मग एका साहेबांचा दौरा ठरला. सरपंचांनी आकड्यांवर चुना फासला आणि वर लाल रंगात लिहून घेतलं, 'जलसमृद्ध गाव'.

मी भडकलो. सरपंच शांत. "सर, पोट्ट्याईले झाडं लावाले शिकवा. पाण्याचं पाहाले आमी हाओत."

म्हणजे झाड लावा, फोटो काढा, प्रश्न विचारू नका! मी चार पानी निवेदन लिहिलं. ते अजून बॅगेतच आहे, कारण शेषरावकाका पोरांना घेऊन कधीच निघाले होते.

"माह्या घराची भिंत घ्या. इथं चुना माराले कोण येते, पाहू!"

*

साहेब आले. हार, नारळ, 'जलसमृद्ध'खाली फोटो.

"ही पंचायतीची विहीर कधी आटली नाही, सायेब," सरपंच सांगत होते.

पायल स्वागताच्या रांगेतून निघाली. तिच्यामागे कासरा घेऊन शेषरावकाका.

"ए पोरी, मांगं हो!" सरपंच ओरडले.

ती थांबली नाही. दगड विहिरीत गेला. खाली खडकावर खणकन वाजला.

काकांनी कासरा वर ओढला आणि साहेबांच्या हातात दिला. साहेब एकेक कोरडी गाठ चाचपत राहिले.

पायलनं दप्तरातून कोळसा काढला, सरपंचांपुढे धरला.

"आबा, आज तुमी लिहा."